फिलिपिनो रॉक ऐकायला सुरुवात करताय? नव्वदच्या दशकातल्या या अल्बमपासून करा

फिलिपिन्सचं रॉक ऐकायचं म्हणून शोधायला बसलं की हाती लागतात त्या दोन-तीन तासांच्या 'सदाबहार' गाण्यांच्या याद्या. गाजलेलं एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, आणि तासाभराने सगळी एकसारखीच वाटायला लागतात. म्हणून पहिली विनंती अशी, की याद्या बाजूला ठेवा आणि अल्बम ऐका, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. १९९३ ते १९९९ या काळात मनिलातून जे अल्बम आले, त्यांतलं निम्मं सुख गाजलेल्या गाण्यांच्या मधल्या गाण्यांत दडलेलं आहे.

हे लिहितोय ते अगदी नव्याने ऐकणाऱ्यांसाठी. मर्चंट नेव्हीत काम करणाऱ्या कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या लोकांच्या कानावर यातली बरीच गाणी आधीच पडलेली असतील, कारण जहाजावरच्या करमणुकीच्या खोलीत फिलिपिनो सहकारी असले की गाणं आलंच. त्यांनी दुसऱ्या पायरीपासून सुरुवात केली तरी चालेल.

पहिली पायरी: थोडी पार्श्वभूमी

फार वाचत बसू नका, चार गोष्टी पुरतात.

स्थानिक भाषेतलं रॉक तिथे सत्तरच्या दशकातच रुजलं. हुआन दे ला क्रूझ बँडचं 'हिमिग नातिन' हे १९७३चं गाणं म्हणजे त्याची पायाभरणी मानली जाते. तेव्हा देशात मार्कोस यांची लष्करी कायद्याची राजवट होती. १९८६ साली मनिलाच्या एड्सा महामार्गावर लाखो लोक उतरले आणि मार्कोस यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, कोराझोन अक्विनो यांच्या सरकारने आदेश काढला: प्रत्येक रेडिओ केंद्राने दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो गाणी वाजवलीच पाहिजेत. त्याच वर्षी एनयू १०७ हे रॉकला वाहिलेलं एफएम केंद्र सुरू झालं. पुढे एलए १०५.९ या केंद्राने तर कंपनीशी करार न झालेल्या नवख्या बँडनाही जागा दिली. केझोन सिटीतला क्लब ड्रेड, सांतो तोमास विद्यापीठासमोरचं मेरिक्स अशा छोट्या जागांत रोज रात्री बँड वाजत असत. ऐकवायला जागा, वाजवायला रेडिओ आणि ऐकायला कॉलेजची पोरं, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

एक फरक मात्र आधीच लक्षात घ्या. त्याच काळात मुंबई-पुण्याच्या कॉलेज महोत्सवांतले रॉक बँड बहुतांशी इंग्रजीत गात होते. मनिलातल्या पोरांनी टागालोग या तिथल्या भाषेत गायला सुरुवात केली, आणि तीही घरात, हॉस्टेलवर, जीपनी या तिथल्या प्रवासी गाडीत बोलली जाते तशी टागालोग. त्यामुळे हे संगीत कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलं, रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत पोचलं. पुढे या सगळ्याला 'तुनोग काल्ये', म्हणजे रस्त्यावरचा आवाज, असं नाव पडलं. शोधताना हे नाव फार उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: 'कटरपिलो' (१९९५)

सुरुवात इरेझरहेड्सपासूनच करा. याबाबत वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्यांचा पहिला अल्बम आधी घेऊ नका, तिसरा घ्या.

इरेझरहेड्स १९८९ साली फिलिपिन्स विद्यापीठाच्या दिलिमान आवारात जमले. गायक-गिटारवादक एली बुएन्दिया, ड्रमवर रेमंड मारासिगान, बासवर बडी झाबाला, लीड गिटारवर मार्कस आदोरो. यांच्यापैकी कुणीही वाद्याचा महापंडित म्हणून ओळखला गेला नाही, आणि त्यांच्या गाण्यांना त्याची गरजही पडली नाही. त्यांची ताकद चालीत आणि बारीक निरीक्षणात आहे. 'कटरपिलो'मध्ये ही ताकद पूर्ण पिकलेली दिसते.

पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नका, नुसता अल्बम लावून द्या. 'सुपरप्रॉक्सी'त रॅपर फ्रान्सिस मागालोना येऊन जातो. 'तोरपेदो' हे मनातलं बोलताच न येणाऱ्या मुलाचं गाणं आहे. 'ओव्हरड्राइव्ह'मधल्या पोराकडे गाडी नाही, पण गाडी चालवायला शिकायचंय. बागिओला जाईन, बिकोलला जाईन, बातांगासच्या किनाऱ्यावर पोहेन, असे त्याचे बेत चाललेत. भाषा न कळताही या गाण्यात मोकळी हवा लागते.

दुसऱ्या वेळी मात्र 'आंग हुलिंग एल बिम्बो' हे एकच गाणं शब्द समोर ठेवून ऐका. सात मिनिटांहून मोठं आहे. लहानपणी एका मुलीने निवेदकाला एल बिम्बो नावाचा नाच शिकवला. ती दिसायला जुन्या काळची नटी पारालुमानसारखी होती. हात हातात घेऊन नाचता नाचता त्याचं तिच्यावर मन बसलं. वर्षं उलटतात. कानावर येतं की ती मूल घेऊन एकटी राहतेय, मनिलातल्या एर्मिता भागात भांडी घासून पोट भरतेय. आणि एका रात्री अंधाऱ्या गल्लीत तिला गाडी उडवते. ही सगळी गोष्ट इतक्या साध्या चालीवर सांगितली आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते प्रेमगीतच वाटतं. शेवटी चाल तीच राहते आणि वाद्यं चढत जातात. तोवर तुम्हाला गोष्ट ठाऊक झालेली असेल, तर तो भाग ऐकवत नाही. ऑरेअस सोलितो यांनी केलेल्या या गाण्याच्या व्हिडिओला १९९७ साली एमटीव्हीच्या अमेरिकेतल्या सोहळ्यात आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. व्हिडिओ जरूर बघा, पण गाणं समजून घेतल्यावर.

भाषेबद्दल एक व्यवहाराची सूचना. टागालोग रोमन लिपीत लिहितात आणि बरंचसं लिहिल्याप्रमाणेच वाचतात, त्यामुळे शब्द डोळ्यांसमोर असले की गाण्याबरोबर जाणं अवघड नाही. दोन अपवाद घोकून ठेवा: नुसतं 'एन-जी' लिहिलं असेल तर 'नांग' म्हणायचं आणि 'एम-जी-ए' असेल तर 'मंगा'. यांत्रिक भाषांतरावर पूर्ण भरवसा ठेवू नका. या गाण्यांतली बोली त्याला झेपत नाही, आणि ओळीओळीचा अर्थ सांगणारे चाहते शोधले की सापडतात.

तिसरी पायरी: मागे वळून 'सर्कस' आणि पहिला अल्बम

'कटरपिलो' अंगवळणी पडल्यावर १९९४चा 'सर्कस' घ्या. इथे विद्यापीठाचं आवार जास्त जवळून दिसतं. 'सेमब्रेक' हे सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने लिहिलेलं पत्र आहे. 'मिन्सान'मध्ये कालायान या वसतिगृहातल्या जुन्या मैत्रीची आठवण येते. मित्रांच्या गाठीभेटींत ते म्हणायची तिकडे प्रथाच आहे. 'मागासिन'मधल्या मुलाला जुनी मैत्रीण थेट मासिकाच्या मुखपृष्ठावर दिसते. टागालोग ऐकायला अजून जड जात असेल तर 'विथ अ स्माइल'वर थांबा. ते इंग्रजीत आहे आणि अतिशय हळुवार आहे.

याच अल्बममधलं 'अलापाप' अमली पदार्थांचा पुरस्कार करतं असा आरोप करून सिनेटर टिटो सोत्तो यांनी १९९५ मध्ये त्यावर बंदी मागितली होती. बँडचं म्हणणं होतं की गाणं स्वातंत्र्याच्या ओढीचं आहे. तुम्ही स्वतः ऐका. मला ते आभाळात शिरून दिसेनासं व्हावं असं वाटणाऱ्या कुठल्याही एकविसाव्या वर्षाचं गाणं वाटतं.

त्यानंतर १९९३चा 'अल्ट्राइलेक्ट्रोमॅग्नेटिकपॉप!'. नावाचं मूळ 'व्होल्टेस फाइव्ह' या जपानी यंत्रमानवांच्या कार्टूनमधल्या शस्त्रात आहे. मार्कोस सरकारने १९७९ मध्ये ते कार्टून शेवटचे भाग दाखवण्याआधीच बंद पाडलं, आणि एका अख्ख्या पिढीच्या मनात ते घर करून राहिलं. ती पिढी मोठी होऊन गिटार हातात घेते तेव्हा अल्बमला असं नाव देते. या अल्बमचं ध्वनिमुद्रण कच्चं आहे, म्हणूनच तो तिसरा ऐकायला सांगतोय. आधी ऐकलात तर कच्चेपणाच जास्त जाणवेल. चालींची सवय झाल्यावर मात्र 'लिगाया' ऐकताना हसू येतं. त्यातला पोरगा मुलीला सांगतो की तुझ्यासाठी काहीही करीन, तुझा प्रबंधसुद्धा लिहून देईन. 'तिंदाहान नी आलिंग नेना'मधला पोरगा वाण्याच्या दुकानात व्हिनेगर आणायला जातो आणि दुकानदारीण बाईच्या मुलीवर भाळतो. 'पारे को'मध्ये सरळ शिवी आहे, तेव्हा घरात मोठ्याने लावताना अर्थ कळणारं कुणी जवळपास नाही ना, बघून घ्या.

चौथी पायरी: यानो (१९९४), आणि इथे घाई नको

इरेझरहेड्स सर्वांत लाडका बँड आहे हे मान्य. पण या दशकातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी यानोचं नाव घेईन. बँडचं नाव यानो आणि पहिल्या अल्बमचं नावही 'यानो'च. गायक दाँग आबाय, गिटारवर एरिक गान्सिओ, बासवर ओनी बादियांग. वाजवणं पंकचं आहे, पण गिटार बरेचदा लोकगीताच्या वळणाने जाते, आणि आबायचा आवाज चौकात उभं राहून बोलणाऱ्या माणसाचा आहे.

या अल्बमला शब्दांशिवाय हात घालू नका. 'कुमुस्ता ना' हे एड्साच्या उठावात उतरलेल्या सामान्य माणसाला उद्देशून आहे. तू त्या गर्दीत होतास, आता कसं चाललंय तुझं? पोट भरतं का? क्रांतीला आठ वर्षं झाली होती तेव्हा हे गाणं आलं. ज्या गोष्टीचा साऱ्या देशाला अभिमान, तिच्यानंतर गरिबाच्या ताटात काय पडलं एवढंच ते विचारतं, आणि आवाज न चढवता विचारतं. 'एसेम' हे एसएम या मॉलच्या साखळीत रिकाम्या खिशाने हिंडणाऱ्याचं गाणं. 'बानाल ना आसो' हातात जपमाळ धरून शेजाऱ्याविषयी दया नसलेल्या भाविकांवर आहे, आणि कॅथलिक देशात रेडिओवर ते इतकं वाजलं याचंच मला अप्रूप वाटतं. 'ट्रापो'त जुन्या वळणाचे राजकारणी आहेत, 'स्टेट यू'त सरकारी विद्यापीठ. आणि एवढा राग एका अल्बममध्ये कोंबल्यावरही 'सेन्ती'सारखं हळवं गाणं त्यांना सुचतं.

भक्तीच्या देखाव्यावर कोरडे ओढणाऱ्या अभंगांची आणि भारुडांची सवय असलेल्या मराठी कानाला यानो परका वाटणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. रोज दोन-तीनच गाणी ऐका. प्रत्येक गाण्याचे शब्द आधी वाचा, मग ऐका. आठवडा लागला तर लागू द्या. 'बावाल' (१९९६) आणि 'तारा' (१९९७) हे पुढचे अल्बम नंतर घ्यायला हरकत नाही, पण पहिल्याची धार त्यांना नाही.

पाचवी पायरी: रिव्हरमाया

इथे वळण बदलतं. इरेझरहेड्स आणि यानो आवारातून, रस्त्यावरून येतात. रिव्हरमाया ऐकताना मोठं मैदान, दिवे आणि गर्दी दिसते. बांबू मान्यालाकचा गळा आणि रिको ब्लांकोची गीतं, ही जोडी जेमतेम चार वर्षं टिकली, पण तेवढ्यात तीन अल्बम झाले. 'रिव्हरमाया' (१९९४) मध्ये 'उलान' आणि '२१४' आहेत. तिसरा 'अॅटॉमिक बॉम्ब' (१९९७), त्यात 'हिनाहानाप-हानाप किता' आणि 'एलेसी'.

पण तुम्ही मधला, १९९६चा 'ट्रिप' आधी घ्या. गिटारवादक पर्फ दे कास्त्रो तोवर बाहेर पडला होता आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या ब्लांकोनेच गिटार उचलली, त्यामुळे या अल्बमचा आवाज खडबडीत आहे. 'किसापमाता'तली प्रेयसी पापणी लवते न लवते तोच नाहीशी होते. 'हिमाला' चमत्काराची याचना करतं. बांबूचा आवाज कुठे थोपवून धरलाय आणि कुठे मोकळा सोडलाय, तेवढंच या गाण्यांत लक्ष देऊन ऐका. १९९८ मध्ये तो बँड सोडून गेला आणि ब्लांको स्वतः गाऊ लागला. २००० साली त्यांनी 'फ्री' नावाचा अल्बम काढला आणि नावाप्रमाणे तो खरोखर फुकट वाटला. दशक ओलांडून जातो, तरी यादीत ठेवाच.

सहावी पायरी: जड आवाज हवा असेल तर

हार्ड रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांनी वाटल्यास चौथ्या पायरीनंतर थेट इथे यावं. वुल्फगँगचा १९९५चा पहिला अल्बम, मग 'सेमेनेलिन' (१९९६), मग 'वुर्म' (१९९७), याच क्रमाने. बास्ती आर्तादीचा घोगरा, वरपर्यंत चढणारा आवाज आणि मानुएल लेगार्दाची गिटार. बरीचशी गाणी इंग्रजीत आहेत, पण 'हालिक नी हुदास' टागालोगमध्ये आहे आणि त्यांचं सर्वांत मोठं गाणं तेच. त्यांच्या जोडीला रेझरबॅक: 'हेबिगॅट साउंड्स व्हॉल्यूम वन' (१९९५) आणि 'बेगर्स मून' (१९९६). यांच्यात ब्लूजचा अंश जास्त आहे, आणि केव्हिन रॉय गातो तेव्हा मंचावर उभं राहून गातोय हे रेकॉर्डवरही कळतं.

सातवी पायरी: उरलेलं, पण सोडू नये असं

परोक्या नी एडगर हा आतेनेओ विद्यापीठाच्या शाळेतल्या मित्रांचा बँड. १९९६चा पहिला अल्बम 'खांगखुंगखेर्नित्झ' विनोदाने भरलेला आहे, पण त्यातलं 'बुलोय' हसऱ्या चालीत मित्राच्या मरणाची गोष्ट सांगतं. त्यांचं 'हाराना' १९९७च्या दुसऱ्या अल्बमवर आहे. जुन्या रीतीने प्रेयसीच्या खिडकीखाली गाणं म्हणणाऱ्या आजच्या मुलाचं ते गाणं. तिथल्या लग्नांत हे इतकं का गायलं जातं ते एकदा ऐकलं की कळतं.

बायकांचे आवाज या दशकाच्या याद्यांत कमी दिसतात, म्हणून मुद्दाम दोन नावं देतो. कलर इट रेडचा 'हँड पेंटेड स्काय' (१९९४), त्यात कुकी चुआचं 'पाग्लिसान'. भरदार, खोल आवाज. आणि हंग्री यंग पोएट्सचा १९९८चा एकमेव अल्बम, बार्बी आल्माल्बिसचा. 'तोरपे' आणि 'फायरवुमन' तिथे आहेत.

फ्रान्सिस मागालोनाचा 'फ्रीमॅन' (१९९५) रॅप आणि रॉक यांच्या सीमेवर उभा आहे. 'कलायडोस्कोप वर्ल्ड' त्यातलंच. तो ६ मार्च २००९ रोजी गेला. दुसऱ्याच दिवशी इरेझरहेड्सचा मनिलात पुनर्मीलनाचा दुसरा कार्यक्रम होता, आणि तिथे त्यांनी हे गाणं त्याच्यासाठी वाजवलं. याशिवाय टीथचं 'लाकलाक', द यूथचं 'मुल्तो सा पानिंगिन' आणि ट्रॉपिकल डिप्रेशनचं रेगेच्या ठेक्यावरचं 'कापायापान' ही सुटी गाणी ऐकून ठेवा. त्यांपैकी जे मनात राहील त्याच्या अल्बमकडे जा.

आठवी पायरी: शोधायचं कसं, आणि नीट ऐकायचं कसं

इथले मोठे अल्बम गाणी ऐकवणाऱ्या नेहमीच्या अॅपवर मिळतात, पण नावांची अडचण होते. रोमन लिपीत टाइप करताना यानो म्हणजे वाय, ए, एन, ओ, एवढीच चार अक्षरं. 'कटरपिलो' हा कटर आणि पिलो हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहिलेला एक शब्द आहे, रिव्हरमायाही सलग एकच. पहिला अल्बम बँडच्याच नावाचा असला की शोधात सगळं एकत्र येतं, म्हणून सोबत वर्ष टाका.

अल्बम उघडलात की आधी गाण्यांची यादी बघा. 'बेस्ट ऑफ', 'अकूस्टिक' किंवा 'लाइव्ह' असं काही दिसलं तर ते मूळ नव्हे. इरेझरहेड्सच्या पहिल्या अल्बमची २०१८ साली पंचविसाव्या वर्षानिमित्त नव्याने मास्टरिंग केलेली आवृत्ती निघाली. ती ऐकायला अधिक स्वच्छ आहे, नवख्याने तीच घ्यावी. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बडी झाबालाच्या बासच्या ओळी त्यात पूर्ण हरवतात, आणि अर्धी चाल त्या ओळींतच असते.

गिटार येत असेल तर आणखी एक काम करा. 'आंग हुलिंग एल बिम्बो' जी, ए सेव्हन, सी आणि परत जी, एवढ्याच फेऱ्यावर शेवटपर्यंत चालतं. नवशिक्यालाही दोन संध्याकाळी जमेल. फिलिपिन्समधली कितीतरी पोरं गिटार शिकली ती कॉर्ड छापलेल्या गाण्यांच्या मासिकांतून, याच प्रकारची गाणी वाजवून. एकदा हातात बसलं की कुणा फिलिपिनो सहकाऱ्यासमोर, जहाजावर असो की दुबई-दोह्यातल्या ऑफिसात, वाजवून पाहा. पुढे कुठले अल्बम ऐकायचे ते मग तोच सांगेल, आणि त्याची यादी माझ्या यादीहून वेगळी असेल तर त्याचं ऐका.

एवढं झालं की २००० नंतरच्या दशकात शिरायला हरकत नाही. दुवा म्हणून सँडविचचा 'ग्रिप स्टँड थ्रो' (१९९९) घ्या. इरेझरहेड्सचा ड्रमवादक रेमंड मारासिगान त्यात आहे. तिथून शुगरफ्रीच्या 'सा वाकास'कडे (२००३) जा.